स्वयंचलित गिअरांची नाडीपरीक्षा

मोटार वीस-पंचवीस वर्षांची झाली कीं तिच्या प्रत्येक कुरकुरीकडे घरांतील मंडळी संशयानें पाहूं लागतात. त्यांतहि ती स्वयंचलित गिअरांची असली आणि चढावर, वळणावर किंवा चौकांतून निघतांना गिअर वेळेवर बदलेनासा झाला, म्हणजे बहुतेक ठिकाणीं एकच निकाल ऐकूं येतो : "गिअर-पेटी गेली !" हा निकाल उच्चारण्यास क्षणभर पुरतो, परंतु तो घरधन्याला फार महाग पडतो. पेटी खालीं उतरवावयाची, खोलावयाची, आंतील चकत्या व कडीं बदलून पुन्हां बसवावयाची, हा खर्च जुन्या गाडीच्या बाबतींत तिच्या बाजारांतील किंमतीलाहि मागें टाकतो. साहजिकच गाडी भंगारांत जाते. तिचा खरा दोष चिखलानें माखलेल्या एखाद्या खटक्यांत किंवा सैल झालेल्या एखाद्या तारेंत असला, तरी तो मग कोणालाच कळत नाहीं. म्हणून निकालापूर्वीं चौकशी कोणत्या क्रमानें करावी, हें मोटारीच्या मालकानें जाणून घेण्यासारखें आहे.

त्यासाठीं पेटीचें काम कसें चालतें हें थोडेंफार ठाऊक असावें लागतें. हातानें बदलावयाच्या गिअरांत चालकाचा पाय क्लच दाबतो व हात दांडी हलवितो. स्वयंचलित पेटींत हीं दोन्ही कामें तेलाकडे सोंपविलेलीं असतात. द्रवाच्या द्वारां शक्ति वाहून नेण्याची ही कल्पना हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्यानें १९०५ सालीं पेटंटासाठीं पुढें मांडली, ती जहाजांकरितां. पुढें अमेरिकेंत ओल्ड्समोबिल मोटारीच्या १९४० च्या नमुन्यांत 'हायड्रामॅटिक' पेटी आली, आणि क्लच दाबण्याची आवश्यकता नसलेली मोटार सामान्य ग्राहकाच्या दारांत उभी राहिली.

विजेचा एक पंखा चालू करून त्याच्या समोर दुसरा बंद पंखा ठेवला, तर पहिल्याच्या वाऱ्यानें दुसऱ्याचीं पातीं फिरूं लागतात. या मोटारींत त्याच तत्त्वावर एंजिनाच्या बाजूचें पात्यांचें चाक तेलाला झोत देतें व तो झोत गिअरांच्या बाजूचें चाक फिरवितो. दोहोंच्या मध्यें तिसरें चाक असतें. तें परतणारें तेल योग्य दिशेनें वळवितें, आणि त्यामुळें गाडी निघतांना जोर वाढतो. या रचनेला टॉर्क-कन्व्हर्टर म्हणतात. त्याच्या मागें दांतेरी चाकांची एक सूर्यमाला असते : मध्यें एक चाक, त्याच्या भोंवतीं फिरणारीं लहान चाकें, आणि सर्वांना वेढणारें एक दांतेरी कडें. यांतील एखादें अडवून धरलें कीं उरलेल्यांची गति बदलते. कोणतें अडवावें व कोणतें मोकळें सोडावें, यावर गिअर ठरतो. अडविण्याचें काम चकत्यांचे क्लच व पट्टे करतात, आणि त्यांना आवळून धरणारी शक्ति तेलाच्या दाबाची असते. म्हणजे या पेटींत तेल वंगणाचें कामहि करतें आणि हाताचें कामहि करतें.

उदाहरणादाखल अमेरिकेंतील जीप चेरोकी ही गाडी घ्यावी. हा चौकोनी बांध्याचा नमुना १९८४ पासून २००१ पर्यंत ओहायो संस्थानांतील टोलेडो येथें तयार होत होता. १९८७ पासून त्यांत चार लिटरचें सहा सिलिंडरांचें एंजिन आणि त्याच्या जोडीला जपानच्या आयसिन-वॉर्नर कारखान्याची 'ए-डब्ल्यू-४' ही चार गिअरांची स्वयंचलित पेटी मिळूं लागली. टोयोटाच्या कित्येक गाड्यांतील पेट्या याच घराण्यांतल्या आहेत. या पेटीचा विशेष असा, कीं तिच्यांत दोष नक्की कोणत्या बाजूला आहे हें एकहि पेंच न उघडतां बरेंचसें ठरवितां येतें.

त्याचें कारण तिच्या कारभाराच्या पद्धतींत आहे. गिअर केव्हां बदलावा हें एक छोटा संगणक ठरवितो. चालकानें ॲक्सिलरेटर किती दाबला आहे, गाडीची गति किती आहे, दांडी कोणत्या खुणेवर आहे आणि ब्रेकवर पाय आहे कीं नाहीं, ह्या चार वार्ता त्याच्याकडे तारांतून येतात. त्यांवरून तो पेटींतील तीन विद्युत्-झडपांना, म्हणजे सोलेनॉइडांना, हुकूम सोडतो. पहिल्या दोन झडपा मिळून गिअर ठरवितात. तिसरी झडप गाडी एका लयींत धावूं लागली कीं कन्व्हर्टरचीं दोन्ही चाकें एकमेकांशीं जखडून टाकते. हुकूम संगणकाचा आणि बळ तेलाचें, अशी ही विभागणी आहे. गिअर बदलत नसेल तेव्हां पहिला प्रश्न हाच : हुकूम सुटत नाहीं, कीं हुकूम सुटूनहि बळ अपुरें पडतें ?

चौकशीचा पहिला साक्षीदार म्हणजे तेल. गाडी सपाट जागीं उभी करावी, ब्रेक दाबून एंजिन चालू ठेवावें, पेटी तापलेली असावी. दांडी प्रत्येक खुणेवरून हळूहळू फिरवून निर्मात्याच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जागीं आणावी आणि मग तेलाची पट्टी पुसून पाहावी. तेल कमी असेल तर पंप हवा ओढूं लागतो, दाब उतरतो, आणि वळणावर किंवा चढावर एंजिन ओरडतें पण गाडी पुढें सरकत नाहीं. तेल फाजील भरलेलें असेल तर फिरत्या भागांनीं त्याचा फेंस होतो व परिणाम तोच होतो. नव्या तेलाचा रंग लाल असतो. तें काळपट होऊन त्याला जळका वास येऊं लागला, तर क्लचच्या चकत्या घसरून भाजल्या असल्याचा दाट संशय घ्यावा. तें दुधट गुलाबी दिसलें तर त्यांत पाणी शिरलें आहे. या गाडीच्या पेटीचें तेल रेडिएटरमधील एका भागांतून थंड होऊन येतें. तो आंतून फुटला म्हणजे पाण्याची व तेलाची गांठ पडते. असें तेल दिसल्यावर गाडी एक मैलहि पुढें चालवूं नये. तेल कमी भरलें तर नुसती भर घालून थांबूं नये, तें कोठून गळतें हें शोधावें. कारण बंद पेटींतलें तेल वापरानें संपत नाहीं.

तेल निर्दोष निघालें म्हणजे दुसरी परीक्षा घ्यावी, आणि हीच सर्वांत मोलाची आहे. किल्ली बंद करून गिअरच्या संगणकाची तारांची जोडणी सोडवावी. आतां हुकूम देणारा कोणीच उरला नाहीं; झडपांना वीज नाहीं. अशा स्थितींत 'ए-डब्ल्यू-४' पेटी केवळ दांडीच्या जागेवरून गिअर घेते : दांडी १-२ या खुणेवर असतां फक्त पहिला, ३ या खुणेवर असतां फक्त तिसरा, आणि डी या खुणेवर असतां फक्त चौथा. रिव्हर्स नेहमींप्रमाणें चालतो, आणि न्यूट्रलवर गाडी हलत नाहीं. मोकळ्या व सपाट रस्त्यावर गाडी १-२ वरून सुरू करावी, गति येतांच ३ वर व नंतर डी वर न्यावी. उलट दिशेनें मात्र गति पुरती उतरल्याशिवाय दांडी मागें ओढूं नये. वेगांत असतां १-२ ची खूण घेतली तर पेटी थेट पहिल्या गिअरांत जाईल आणि चाकें घसरतील.

ही परीक्षा उत्तीर्ण झाली, म्हणजे तिन्ही गिअर न घसरतां व न अडखळतां लागले, तर पेटींतील पंप, त्या गिअरांचे क्लच आणि दांतेरी चाकें शाबूत आहेत असें मानण्यास चांगला आधार मिळाला. दोष हुकूमाच्या बाजूला आहे. म्हणून कित्येक वेळां एक लक्षणच पुरेसें बोलकें असतें : गाडी जागेवरून निघतांना पाठीवर ओझें असल्यासारखी कुंथते, वेग आल्यावर मात्र सुरळीत धांवते. एंजिन म्हातारें झालें असें मालकाला वाटतें. पण दांडी १-२ वर ओढतांच तीच गाडी झटक्यासरशी निघाली, तर ती आजवर चौथ्या गिअरांत सुटत होती हें उघड होतें. मग संगणकाचा फ्यूज व त्याची वीज तपासावी. पेटीला हात लावूं नये.

हुकूमाच्या बाजूचे संशयित मोजकेच आहेत. पहिला, थ्रॉटलवर बसविलेला सेन्सर. ॲक्सिलरेटर किती दाबला याची वार्ता तो देतो. त्याची आंतली पट्टी झिजली कीं वार्ता मध्येंच तुटते. गिअर उशीरा किंवा धक्क्यानें बदलतो, अथवा दोन गिअरांमध्यें गाडी घुटमळत राहते. थ्रॉटल अगदीं हळू उघडीत काट्याच्या मीटरानें त्याचा व्होल्टेज पाहावा. कांटा सरळ एकाच दिशेनें सरकला पाहिजे. मध्यें दचकला तर सेन्सर बदलावा. दुसरा, पेटीच्या बाजूला बसविलेला दांडीचा खटका. तो रस्त्याच्या चिखलपाण्यांत उघडा पडतो. पार्कवर गाडी सुरू होत नाहीं पण न्यूट्रलवर होते, किंवा मागचे रिव्हर्सचे दिवे लागत नाहींत, अशीं चिन्हें दिसलीं कीं तो काढून, उघडून, त्याचे तांब्याचे स्पर्शबिंदु स्वच्छ करावे. तिसरा, ब्रेकच्या पायट्याजवळचा खटका. ब्रेक दाबतांच जखडलेला कन्व्हर्टर सुटावा लागतो. तो न सुटल्यास गाडी थांबतांना एंजिन बंद पडतें, जणूं क्लच न दाबतां कोणी ब्रेक मारला. चौथा, स्वतः सोलेनॉइड. त्यांचा विद्युत्-रोध पेटी न उघडतां बाहेरच्या जोडणीवर मोजतां येतो. तो ११ ते १५ ओहम यांच्या दरम्यान असावा, आणि पेटी थंड असतां व तापल्यावर अशा दोन्ही वेळीं पाहावा. थंडपणीं निरोगी दिसणारी गुंडाळी उष्णतेनें तुटक होऊं शकते. या सर्वांच्या आधीं जोडण्यांवरील गंज आणि सांगाड्याला बांधलेल्या तारांची घट्टपणा पाहून घेणें सर्वांत स्वस्त.

दुसऱ्या परीक्षेंत गाडी नापास झाली, एखादा गिअर लागलाच नाहीं किंवा घसरला, तरीहि लगेच पेटी खोलण्याचें कारण नाहीं. दांडीपासून पेटीपर्यंतची जोडणी सरकली असेल तर वरची खूण व आंतली जागा यांचा मेळ बसत नाहीं. थ्रॉटलपासून पेटीकडे एक केबल जाते. ॲक्सिलरेटर जितका दाबावा तितका तेलाचा दाब ती वाढविते. ती सैल राहिली तर क्लच जोरानें आवळले जात नाहींत, गिअर मऊपणें घसरत बदलतात, आणि ही मऊ चाल सुखकर वाटत असतांनाच चकत्या जळत असतात. ती फार ताणलेली असेल तर प्रत्येक गिअर दणका देऊन बदलतो. दोन्ही व्यवस्थित असूनहि दोष राहिला, तर पेटीवरील तपासणीच्या छिद्राला दाबमापक लावून तेलाचा दाब मोजावा. दाब अपुरा निघाला, तेल जळकें होतें, आणि तळाच्या थाळींत धातूचे कण सांपडले, म्हणजे पेटी खोलण्याचा निर्णय पुराव्यानिशीं झाला. थाळींतील बारीक करडी भुकटी मात्र नेहमींच्या झिजेची असते. तिला घाबरण्याचें कारण नाहीं.

एक फसवें लक्षण वेगळें ठेवावें. चेरोकीच्या कित्येक गाड्यांत चारी चाकांना शक्ति देणारी दांडी निराळी असते. ती कोरड्या रस्त्यावर चारचाकी खुणेवर राहून गेली, तर वळणावर पुढचीं व मागचीं चाकें एकमेकांना ओढतात आणि गाडी अडखळते. हा दोष गिअरांचा नव्हे.

हें सारें काम घरीं करण्याची हौस असली, तरी गाडीखालीं शिरतांना ती केवळ जॅकवर कधींहि उभी नसावी. भक्कम टेकू द्यावेत, चाकांना अडण लावावी. तापलेल्या पेटीचें तेल हात भाजून काढतें. ज्याला हें करणें नको असेल, त्यानेंहि निदान टिपण ठेवावें : दोष थंड गाडींत येतो कीं तापलेल्या, कोणत्या गिअरांत, पावसानंतर वाढतो कीं काय. असें टिपण कारागिराचे कित्येक तास वांचवितें.

स्वयंचलित मोटारी आतां मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवरहि नित्याच्या झाल्या आहेत. प्रत्येक पेटीची रचना निराळी असल्यामुळें वरील खुणा व आंकडे जसेच्या तसे दुसऱ्या गाडीला लावतां येणार नाहींत; परंतु चौकशीचा क्रम सर्वत्र तोच राहतो. गिअर-पेटी गेली असें सांगणाऱ्या कारागिराला मालकानें तीन प्रश्न नम्रपणें विचारावे : तेल पाहिलें काय ? हुकूमाची बाजू वेगळी काढून तपासली काय ? दाब मोजला काय ? जाणत्या कारागिराला ह्या प्रश्नांचा राग येत नाहीं. त्याच्यापाशीं उत्तरें तयारच असतात. उत्तरें मिळालीं नाहींत, तर घरधन्यानें पैसे मोजण्यापूर्वीं गाडी दुसऱ्या कारागिराला दाखवावी.