कॅमेरा कोणाच्या हातात?

(यवतमाळ येथे तालुका कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



संघटनेसाठी कॅमेरा कसा घेतला, हे सांगायला मी उभी आहे. बायकांच्या बैठकीत यंत्राची चर्चा कशाला, असे काहींना वाटेल. म्हणून आधी एक प्रसंग सांगते.

मारेगाव तालुक्यातल्या एका गावी, आत्महत्या केलेल्या कास्तकाराच्या घरी मी गेले होते. मला पाहताच घरातली बाई उठली, भिंतीवरची नवऱ्याची तसबीर काढली, छातीशी धरली आणि दारात उभी राहिली. मी विचारले, हे कशाला? ती म्हणाली, "फोटो काढाले आल्या न तुमी? सारेच असा काढतेत." मग म्हणाली, "माहा फोटो साऱ्यायनं नेला, पन आनून कोनी देल्ला नाही."

२०१७ साली फवारणीच्या विषबाधेने आपल्या जिल्ह्यात वीसहून अधिक माणसे दगावली. तेव्हा दवाखान्यातल्या पुरुषांची छायाचित्रे छापून आली, ती यायलाच हवी होती. पण फवारणीसाठी पाणी वाहणारी, विषाने भिजलेले कपडे धुणारी बाई माझ्या तरी पाहण्यात कुठे आली नाही. पी. साईनाथ यांनी १९९३ ते २००२ या काळात दहा राज्यांत फिरून ग्रामीण स्त्रियांच्या श्रमांची छायाचित्रे काढली आणि त्यांचे प्रदर्शन गावोगावी नेले. हे काम आपल्यालाही करता येईल. मुंबईच्या जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला या देशातल्या पहिल्या स्त्री वृत्तछायाचित्रकार. त्यांची सुरुवातीची छायाचित्रे पतीच्या नावाने छापली गेली. पद्मविभूषण मिळाले ते २०११ साली, वयाच्या ९७व्या वर्षी.

"मोबाईल आहे की!" असे आमच्याही बैठकीत निघाले. पण बहुतेक घरांत चांगला मोबाईल नवऱ्याच्या किंवा मुलाच्या खिशात असतो. मारहाणीच्या खुणांचा फोटो त्याच मोबाईलमध्ये राहिला तर त्या बाईचे काय होईल? शिवाय व्हॉट्सअ‍ॅपवरून फिरलेला फोटो बारीक होतो, पोस्टर करायला गेले की फाटतो. म्हणून संघटनेचा, संघटनेच्या कपाटात राहणारा कॅमेरा हवा होता.

वर्गणीचे ३० हजार रुपये जमले. पहिल्या दुकानात आम्हा तिघींना पाहून दुकानदाराने विचारले, "सोबत कोणी जेन्ट्स नाही का?" मग दोन लेन्सचा संच पुढे केला. लांबचे टिपणारी मोठी लेन्स पाहून आम्हीही भुललो होतो. सुदैवाने घरी येऊन यादी केली: आपण फोटो कुठे काढतो? अंधाऱ्या स्वयंपाकघरात, एका बल्बच्या समाजमंदिरात, वेचणीच्या शेतात, मोर्चात. यांत लांबची लेन्स क्वचितच लागते. खरी अडचण उजेडाची.

नव्या कॅमेऱ्यांत आता आरसा नसतो आणि कंपन्यांचे लक्ष त्यांच्याकडेच आहे. त्यामुळे लग्नाचे फोटो काढणारे आपले आरशाचे, म्हणजे डीएसएलआर कॅमेरे विकत आहेत. आपल्याला ते सोयीचे आहेत. डोळा लावून थेट काचेतून पाहायचे असल्याने उन्हात पडदा दिसत नाही ही तक्रार नाही आणि बॅटरी पुष्कळ टिकते. भारनियमनाच्या गावात ही मोठी गोष्ट आहे.

आम्ही निकॉन डी ३३०० घेतला, २०१४ सालचे मॉडेल. त्याला बाहेरचा माईक जोडता येतो, साक्ष नोंदवायला तो लागतो. नंतरच्या डी ३४०० मध्ये ती सोय काढून टाकली आहे. जुना कॅमेरा घेताना एक फोटो काढून संगणकावर त्याची माहिती उघडा, शटर किती वेळा पडले ते कळते. अशा साध्या कॅमेऱ्याचे शटर साधारण एक लाखापर्यंत धरतात. लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही ना, ते बघा.

सोबतची १८-५५ लेन्स सभेला, मोर्चाला पुरते. उरलेल्या पैशांत ३५ मि.मी., १.८ ची लेन्स घेतली. त्याच अंतरावर १८-५५ जितका उजेड घेते, त्याच्या जवळजवळ सहापट उजेड ही घेते. चुलीपुढची बाई फ्लॅश न मारता टिपता येते. फ्लॅश पडला की बाई दचकते आणि बोलणे थांबते. एक सावधगिरी: या कॅमेऱ्यात फोकसची मोटर नसते, म्हणून निकॉनची एएफ-एस किंवा एएफ-पी लेन्सच घ्या. नाहीतर फोकस हाताने करावा लागेल. कापसाच्या तंतूंत आणि धुळीत लेन्स बदलू नका. पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवा.

आता नियम. विचारल्याशिवाय फोटो नाही, आणि "हो" म्हटलेली बाई उद्या "नको" म्हणू शकते. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणे भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ खाली गुन्हा आहे. चेहरा झाकला तरी घर, गाव, शेजार यांवरून ओळख पटते, हे ध्यानात ठेवा. फोटो पुरावा म्हणून लागणार असेल तर कार्डावरची मूळ फाईल पुसू नका, बदलू नका. कोर्टात भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते.

आणि शेवटचा नियम त्या बाईने शिकवलेला: काढलेला फोटो छापून तिच्या हाती द्यायचा.

कॅमेरा घेतल्यावर मी तिच्याकडे परत गेले. "तुम्हीच सांगा, कसा काढू?" म्हटले. तिने तसबिरीला हात लावला नाही. पेटीतून सातबारा काढला. तलाठ्याकडे कितीतरी खेपा घालून त्यावर तिचे नाव चढले होते. तो कागद हातात धरून ती आपल्या कपाशीत उभी राहिली. फोटो आम्ही छापून दिला. आता तसबिरीशेजारी तो लागला आहे.

तुमच्या गावातल्या बाईला आपला फोटो कसा हवा आहे, हे तिला कोणी विचारले आहे का? कॅमेरा पुढच्या महिन्यात नेर आणि घाटंजीच्या गटांकडे जाईल. नोंदवहीत नाव लिहा आणि घेऊन जा.