बिनलग्नाची माणसे
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



मी सातवीपर्यंत शिकलेली. भाषणाची मला सवय नाही, तेव्हा चुकले तर सांभाळून घ्या.

माझे चुलत आजेसासरे जन्मभर बिनलग्नाचे राहिले. बैलांचे सगळे तेच बघत. भावांची मुले त्यांनी खांद्यावर वाढवली. गेल्या साली वारसनोंदीसाठी जुने कागद काढले, तर त्यांच्या नावापुढे ‘अविवाहित मयत’ एवढेच, आणि खाली पुतण्यांची नावे. यांचे लग्न का झाले नाही, असे मी सासूबाईंना विचारले. त्या म्हणाल्या, “अगं, देज कुठून आणायचे?”

आज आपण हुंड्याच्या नावाने बोटे मोडतो. पण जुन्या काळी आपल्या मावळात कष्टकरी घरांतून मुलीचा बापच मुलाकडून पैसा घेई. ते देज. मुलगी म्हणजे राबणारे दोन हात. ते घरातून जाणार, म्हणून त्याचा मोबदला. भोर-वेल्ह्याकडची शेती म्हणजे डोंगराच्या कुशीतली चार भातखाचरे, वर वरकसावर नाचणी नि वरई. त्यात पोटच भरेना, तर देज कसले द्यायचे? सावकाराकडून काढायचे, नाहीतर मुलीच्या बापाकडे घरजावई म्हणून राबायचे. थोरल्याच्या लग्नाचे कर्ज फिटेपर्यंत धाकट्याचे वय उलटून जाई. कोणी मुंबईच्या गिरणीत जाऊन पैसा जमवून आणी. ज्याला ते जमले नाही, तो गोठ्यातच राहिला.

आणखी एक गोष्ट. बोलायला जड जाते, पण बोलते. बापाच्या जमिनीत सगळ्या मुलांचा वाटा. बिनलग्नाच्या भावाचा वाटा मात्र शेवटी पुतण्यांकडेच यायचा. मग त्याच्या लग्नाची घाई कोणाला असणार? माझ्या मुलीने वाचून सांगितले, की आयर्लंड देशात १८४५ पासून बटाट्याचा मोठा दुष्काळ पडला, आणि त्यानंतर शेत एकाच मुलाला देण्याची चाल वाढली. बाकीची भावंडे बिनलग्नाची राहत, नाहीतर परदेशी जात. त्यांना वाटा नव्हता म्हणून तसे झाले. आमच्या आजोबांना वाटा होता, तरी तेच झाले.

बायकांचे निराळे. मुलगी घरात ठेवणे म्हणजे घराला बोल, म्हणून लहानपणीच उजवून टाकीत. राहायची ती एखादी आंधळी-पांगळी, किंवा मुरळी. जेजुरी आपल्याला जवळ. मूल होत नसले की खंडोबाला नवस, पहिली मुलगी तुला वाहीन. तिचे देवाशी लग्न लावायचे, भंडारा उधळायचा; मग तिने माणसाशी संसार करायचा नाही. नवस बोलायचा आईबापाने आणि फेडायचा पोरीने! १९३४ साली मुंबई इलाख्यात याविरुद्ध कायदा झाला, पण आपले भोर १९४८ पर्यंत संस्थान होते, इलाख्याचा कायदा इथे आपोआप चालत नव्हता. पुढे २००५ साली महाराष्ट्राने नवा कायदा केला.

आता देज गेले, मुरळी सोडणे गुन्हा झाला. तरी वाड्यावस्त्यांवर पस्तिशीचे मुलगे बिनलग्नाचे बसलेलेच आहेत. २०२२ च्या डिसेंबरात सोलापुरात अशा मुलांनी मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून कलेक्टर कचेरीवर मोर्चा नेला. लोक हसले. मला हसू आले नाही. आपल्या राज्यात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, २०११ च्या शिरगणतीत ८९४. त्या २००१ च्या मुलांचीच आता लग्नाची वये झाली. कमी पडलेल्या मुली कुठे गेल्या, ते आपण बायकांनी एकमेकींना विचारायला नको.

आणि ज्या आहेत, त्यांच्या आया माझ्यासारख्या. दोन वर्षांमागे माझ्या मुलीला वेल्ह्याकडचे स्थळ आले. मुलगा निर्व्यसनी, इंद्रायणी भात करतो, दोन म्हशी, घर पक्के. मुलीने नाही म्हणायच्या आतच मी नाही म्हणून कळवले. चिखलात लावणी करून माझी कंबर गेली, तिची जाऊ नये, एवढेच माझ्या मनात होते. तिला पुण्याचा कंपनीतला मुलगा मिळाला. तो वेल्ह्याचा मुलगा अजून तसाच आहे. त्याची आई भोरच्या बाजारात भेटते, मुलीचे कसे चालले आहे म्हणून मायेने विचारते. मी पिशवीतली भाजी नीट करत उत्तर देते.