आधी उंची मोजा



मी डॉक्टर नाही. बी.ए. झालेला, कविता लिहिणारा माणूस आहे. शाळा-कॉलेजातल्या मुलांच्या वाढत्या वजनाबद्दल माझ्यासारख्यानं काय बोलावं, असं तुम्हाला वाटेल. पण या विषयात औषधाइतकंच शब्दांचंही काम आहे, म्हणून सुरुवात शब्दांपासूनच करतो.

मराठीत तान्ह्या मुलाच्या गुबगुबीतपणाला फार गोड शब्द आहे, बाळसं. मूल बाळसं धरतं आणि घर खूश होतं. दोन वर्षांनी हा शब्द संपतो. पुढे त्याच अंगासाठी भाषेजवळ चांगला शब्द उरत नाही. ढोल्या, जाड्या, भोपळा, ढब्बू! मुलगी असली तर 'अंगानं सुटली'. आमच्या घरात उर्दूच्या वळणाची हिंदी, दारात अहिराणी आणि शाळेत मराठी. एरवी या तिघींचं फारसं जमत नाही, पण जाड पोराला नाव ठेवण्यात तिघींचं एकमत आहे.

आणि गंमत अशी, की याच घरांत मुलाच्या ताटात तिसरी पोळीही आग्रहानं पडते. "कितला वाळी ग्या रे पोऱ्या!" असं म्हणत आजी वाढत राहते. तिला मी दोष देत नाही. आमच्या आईवडिलांच्या पिढीनं १९७२ चा दुष्काळ काढला. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी आणि सरकारी सुकडी खाऊन त्यांनी दिवस ढकलले. ताटात काही टाकायचं नाही आणि पोर अंगानं भरलेलं दिसलं पाहिजे, हे त्यांचं शहाणपण उपासमारीतून आलं होतं. आज त्याच ताटाशेजारी वेफर्सची पुडी आणि थंड पेयाची बाटली येऊन बसली आहे, एवढाच फरक.

उपासमार संपली, असं मात्र कुणी समजू नये. २०१६ ते २०१८ या काळात देशभर पोषणाची मोठी पाहणी झाली. दहा ते एकोणीस वयाच्या मुलामुलींत सुमारे २४ टक्के हडकुळी निघाली आणि सुमारे ५ टक्के जादा वजनाची. आपल्या खानदेशाला हे चित्र समजावून सांगायला नको. सातपुड्याच्या कुशीतल्या पाड्यांवर एक दुखणं, जळगाव-धुळ्याच्या कॉलन्यांमध्ये दुसरं. म्हणून कुणाच्याही पोराला 'कमी खा' सांगण्याआधी ते खरोखर जाड आहे का, हे पाहावं लागतं.

ते आरशात पाहून कळत नाही. मोठ्यांसाठी वजन-उंचीचं जे गणित मोबाइलवर असतं, त्याचे आकडे वाढत्या मुलांना लागू पडत नाहीत. मुलामुलींसाठी वयानुसार वेगळे तक्ते असतात. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०१५ मध्ये आपल्या मुलांसाठी असे तक्ते प्रसिद्ध केले आहेत, आणि बालरोगतज्ज्ञाकडे ते मिळतात. त्यावर ठिपका कुठे पडतो ते बघायचं.

आता एक साधा हिशेब ऐका. तेरा वर्षांचा मुलगा आहे, उंची १५० सेंटिमीटर, वजन ५५ किलो. वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गानं भागलं की आकडा येतो साडेचोवीसच्या आसपास. या वयाला तो जास्त आहे. समजा या मुलाचं वजन दोन वर्षं एक किलोही घटलं नाही, फक्त वाढायचं थांबलं, आणि उंची १६० झाली. आकडा येतो साडेएकवीस. काट्यावर काहीच घडलं नाही, पण अंगात केवढं घडलं! वाढत्या मुलाचं वजन उतरवायचंच असतं असं नाही, पुष्कळदा ते नुसतं थोपवून धरायचं असतं. उंची उरलेलं काम करते. ज्यांची उंची थांबली आहे, म्हणजे बहुतेक मुलींची पाळी सुरू झाल्यावर दोन-तीन वर्षांनी, त्यांचं वजन उतरवावं लागलं तरी महिन्याला किलो-दोन किलोपेक्षा घाई नको, आणि तेही डॉक्टरांच्या नजरेखाली.

घाईचं काय होतं, ते मी घरात पाहिलं आहे. धुळ्याला माझी एक भाची आहे. त्या वर्षी ती दहावीत होती. घरात तिच्या मोठ्या चुलतबहिणीचं लग्न निघालं. मेंदीच्या रात्री नात्यातल्या एका बाईनं सगळ्यांसमोर म्हटलं, "दुल्हन से तो इसका फोटो बड़ा आएगा." सगळे हसले. तीही हसली.

दुसऱ्या दिवसापासून तिनं डबा मैत्रिणींना वाटून टाकायला सुरुवात केली.

सकाळी चहा नाही, नाश्ता नाही. घरात तिच्या अब्बूंचं 'दोन वेळचं जेवण' चालू होतं, त्याचा तिला आडोसा मिळाला. महाराष्ट्रातल्या श्रोत्यांना हे दोन वेळचं जेवण नव्यानं सांगायला नको. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांतून ही कल्पना लोकांपर्यंत आली. २००४ मध्ये जिचकार अपघातात गेले. पुढे डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती गावोगाव नेली : दोनदाच जेवा, ५५ मिनिटांच्या आत संपवा, रोज ४५ मिनिटं चाला. २०१८ साली सरकारच्या लठ्ठपणाविरोधी मोहिमेत त्यांचं नाव आलं, डॉक्टरांमध्ये वादही झाले. त्या वादात मी पडत नाही. मला एवढंच सांगायचं आहे, की अठरा वर्षांखालच्यांनी हे करू नये, असं खुद्द दीक्षितांच्याच सूचनांमध्ये आहे. मोबाइलवरून फिरत फिरत निरोप घरी पोचतो, तेव्हा नेमकं हेच वाक्य गळून पडलेलं असतं.

पाच आठवड्यांत भाचीचं वजन सहा किलोंनी उतरलं. बायका कौतुक करू लागल्या. मग क्लासच्या जिन्यात तिला भोवळ आली. पाळी दोन महिने चुकली होती, हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं. कंगव्यात केसांचे पुंजके येत होते. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन नऊ. महाराष्ट्रात पंधरा ते एकोणीस वयाच्या निम्म्याहून अधिक मुलींच्या अंगात रक्त कमी आहे, असं २०१९-२१ च्या राष्ट्रीय आरोग्य पाहणीत दिसलं होतं. त्यावर हा उपास! तिच्या विज्ञानाच्या वहीची मागची पानं मी पाहिली. आम्हा कवींच्या वह्या मागच्या पानापासूनच सुरू होतात. तिच्या पानांवर नुसते आकडे होते, सकाळचं वजन, संध्याकाळचं वजन.

डॉक्टरबाई अनुभवी होत्या. त्यांनी सांगितलं, असं झटपट उतरतं ते सगळी चरबी नसते, त्यात बरंच पाणी आणि स्नायू जातात. शिवाय उपाशी शरीर काटकसर शिकतं आणि भूक वाढवून ठेवतं. झालंही तसंच. खायला लागल्यावर तीन महिन्यांत सहाचे आठ किलो परत आले.

मग त्यांनी खरा उपचार सुरू केला, आणि त्यासाठी मुलीला नव्हे, माझ्या बहिणीला समोर बसवलं. मुलीचं ताट वेगळं करायचं नाही, सगळ्या घराचं ताट बदलायचं. घरात कुणी तिच्या अंगावर बोलायचं नाही, चांगलंही नाही आणि वाईटही नाही. हे दुसरं कलम मला पहिल्यापेक्षा कठीण वाटलं. पाहुण्यांची तोंडं कोण धरणार? पण बहिणीनं धरली. "मामू, अम्मीने खाला को डाँटा," हे सांगताना भाचीचा चेहरा खुलला होता. नऊ महिन्यांत पाच किलो उतरले. पाळी नियमित झाली, रक्त सुधारलं.

ताट बदलायचं म्हणजे काय? परदेशी ओट्स आणि हिरव्या चहाची गरज नाही. आपल्याकडे कळण्याची भाकरी आहे, ज्वारी आणि उडीद एकत्र दळलेली. तिच्यात कडधान्य आलं, पोट बराच वेळ भरलेलं राहतं. दादरची भाकरी, अंबाडीची भाजी, मुगाची डाळ, ताक आहे. भरीत तर जळगावचं. इथल्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. वांगं बिचारं निष्पाप आहे. हिवाळ्यात मळ्यात भरीत पार्टी होते, तेव्हा घात करतं ते वरून ओतलेलं तेल आणि सोबतच्या कळण्याच्या पुऱ्या. पुरीऐवजी त्याच पिठाची भाकरी घ्या. शेवभाजीवरची तर्री वाटीभर असते, ती चमचाभर पुरते. २०२५ च्या फेब्रुवारीत पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये घरातलं तेल दहा टक्के कमी करायला सांगितलं होतं. महिन्याला पाच लिटर लागत असेल तर साडेचार आणा. आमच्या घरी कुणाच्या लक्षातही आलं नाही.

केळ्याची मात्र मला बाजू घ्यावी लागेल. रावेर-यावलच्या मातीत राहून 'केळं खाऊ नको, जाड होशील' असं मुलांना सांगणं म्हणजे नदीकाठी पाण्याला नावं ठेवणं. मध्यम आकाराच्या केळ्यात शंभरेक उष्मांक असतात. त्याच केळ्याचे वेफर्स केले, की पाणी उडून जातं, त्या जागी तेल शिरतं आणि शंभर ग्रॅमला पाचशेच्या वर उष्मांक होतात. शाळा सुटल्यावर केळं द्या, पुडी नको. थंड पेयाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत पाच-सहा चमचे साखर असते. ते शाळेच्या उपाहारगृहात विकू नये असा आदेश राज्यानं २०१७ मध्ये काढला, केंद्राच्या २०२० च्या नियमात शाळेपासून पन्नास मीटरचं अंतरही आलं. पन्नास मीटर पोरं एका दमात पळतात, आणि बहुधा तेवढाच त्यांचा दिवसाचा व्यायाम होतो.

व्यायामाबद्दल जागतिक आरोग्य संघटना म्हणते, पाच ते सतरा वयात रोज सरासरी साठ मिनिटं. आता आपला उन्हाळा बघा. पारा पंचेचाळीसला टेकतो, सकाळी नऊनंतर बाहेर पडायची सोय नाही. शिवाय क्लास, आणि क्लासला जायला स्कूटी. म्हणून पहाट धरावी लागते. जळगावात मेहरूण तलावाच्या काठी सकाळी चालणाऱ्यांची गर्दी असते, पण त्यात सगळे आपल्या वयाचे, गुडघे धरून चालणारे! मुलांना तिथे न्या. मुलींचा प्रश्न आणखी वेगळा. आमच्या मोहल्ल्यांत मुलांना निदान गल्ली तरी मिळते, मुलींना तीही नाही. भाचीनं गच्चीवर दोरीच्या उड्या मारल्या आणि संध्याकाळी आईला घेऊन पांझरेच्या काठानं चालली. त्यात आईचंही वजन उतरलं, ते वेगळंच. रात्रीचा मोबाइल काढून घेतला, कारण या वयाला आठ ते दहा तास झोप लागते, आणि झोप कमी झाली की भूक वाढते.

उपासाचंही सांगतो. रमजानचे रोजे आले, की काही पोरं वजन उतरेल म्हणून खूश होतात. इफ्तारला भजी, समोसे, सरबत असलं की ईदला कपडे घट्ट होतात. 'एकादशी अन् दुप्पट खाशी' ही म्हण आमच्याकडेही चालते. रोजा इबादतीसाठी असतो, काट्यासाठी नाही.

काही गोष्टी मात्र घरी सोडवू नयेत. मुलाच्या मानेवर मखमलीसारखा काळा पट्टा दिसतो, आणि आया तो मळ समजून दगडानं घासतात. तो मळ नसतो. शरीरातलं इन्सुलिन नीट काम करत नसल्याची ती बहुधा खूण असते. रात्री घोरणं, गुडघेदुखी, अनियमित पाळी यांसाठीही डॉक्टरांकडे जावं. आधी-नंतरच्या फोटोंसह विकल्या जाणाऱ्या पावडरी आणि २०२५ पासून आपल्याकडे मिळू लागलेली वजनाची नवी इंजेक्शनं, यांचं मुलांच्या बाबतीत तज्ज्ञाशिवाय नावही काढू नये.

वजन रोज करू नका. महिन्यातून एकदा, त्याच काट्यावर, सकाळी. त्याच दिवशी मुलाला दाराच्या चौकटीला पाठ लावून उभं करा, डोक्यावर पाटी आडवी धरा आणि पेन्सिलीनं उंचीची खूण करा. वजन त्या खुणेच्या शेजारी लिहा, म्हणजे दोन्ही आकडे एकत्र दिसतील.