बिस्किटाच्या डब्यातलं यंत्र
(नाशिक येथे कार्यकर्त्यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



विषय ‘श्रवणसेवा’ दिला आहे. मी डॉक्टर नाही. ईश्वरविज्ञानाची पदविका घेऊन पेठ-सुरगाण्याचे पाडे फिरणारा माणूस आहे. म्हणून माझ्या हातून झालेली चूकच सांगतो.

पेठ तालुक्यातल्या एका पाड्यावर आम्ही शिबिर घेतलं. एका कोकणा आजींना कानामागे बसवायचं यंत्र दिलं. नातवानं मागून “आजे!” अशी हाक मारली आणि आजींनी मान वळवली. टाळ्या पडल्या, फोटो निघाला.

पावसाळा संपल्यावर पुन्हा गेलो. यंत्र बिस्किटाच्या डब्यात, फडक्यात गुंडाळलेलं. सून म्हणाली, “दादा, दहा दिवस चाललं, मंग मुकं झालं.” सेल संपला होता, एवढंच! हे बारके सेल हवेवर चालतात. वरचा चिकट कागद काढला की सेल सुरू होतो आणि यंत्र वापरा, नका वापरू, उतरत जातो. फार तर एक-दोन आठवडे. पाड्यावरच्या दुकानात टॉर्चचे सेल मिळतात, हे मिळत नाहीत. नाशिकला जायचं तर दिवसाची मजुरी बुडते. त्यात पेठचा पाऊस. ओल धरून नळीही तुंबली होती. फोटो काढताना यातलं काहीच माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

आता यंत्राबरोबर घट्ट झाकणाची डबी आणि ओल शोषणाऱ्या पुड्या देतो. सेल पाड्यावरच्याच एका ताईकडे ठेवतो. जुना सेल परत द्यायचा, मग नवा. लहान मुलानं तो गिळला तर जिवावर बेततं, म्हणून हा नियम.

मुलांचं दुखणं बहुतेकदा ‘कान फुटला’ इथून सुरू होतं. घरी कोमट तेल घालतात. पडद्याला भोक असेल तर तेलानं आजार वाढतो. कान कोरडा ठेवायचा आणि डॉक्टरांना दाखवायचा, इतकं आपण प्रत्येक घरी सांगू शकतो. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा तपासणी ठरलेली आहे. पण आईबाप दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला जातात, लेकरंही बरोबर जातात आणि पथक येतं तेव्हा घराला कडी असते. असाच एक मुलगा दोन वर्षं शेवटच्या रांगेत ‘येडा’ म्हणून बसला होता. त्याचे दोन्ही कान वाहत होते. त्याला पुढच्या बाकावर बसवा, हे सांगायलाही कोणी नव्हतं. उपचारानंतर तो पाढे म्हणू लागला, तरी पोरं अजून त्याला त्याच नावानं हाक मारतात. ते नाव कसं पुसायचं, मला अजून सापडलेलं नाही.

मार्काच्या सातव्या अध्यायात प्रभू त्या बहिऱ्या माणसाला आधी गर्दीतून बाजूला, एकांतात नेतो. पदविकेच्या वर्गात हे मी कितीदा वाचलं होतं! शिबिरात मात्र मी आजींना गर्दीच्या मधोमध बसवलं.

गेल्या महिन्यात त्यांच्याकडे गेलो. यंत्र कानाला होतं. म्हणाल्या, “कोंबडा लय वरडतो रं. पहाटंचं काढून ठेवते.”