सहीआधीचा वकील

परिषदेचे अध्यक्ष, भारतीय विधी सेवेतील अधिकारी, केंद्र सरकारची बाजू मांडणारे वकील बंधू-भगिनी आणि वसईकर मंडळी,

स्वागत समितीच्या वतीने मी आपले मनापासून स्वागत करतो. सकाळच्या विरार लोकलमधून आपण सुखरूप उतरलात, त्याबद्दल वेगळे अभिनंदन!

कायद्याच्या माणसांनी वसईत यावे, याला जुने कारण आहे. हडपसरच्या लढाईत होळकरांकडून हरलेल्या दुसऱ्या बाजीरावांनी 31 डिसेंबर 1802 रोजी इंग्रजांच्या कंपनीशी तह केला, तो इथेच. गादी परत मिळावी म्हणून त्यांनी तैनाती फौज पत्करली, तिच्या खर्चापोटी 26 लाखांचा मुलूख तोडून दिला आणि कंपनीला विचारल्याशिवाय इतर सत्तांशी बोलणी करणार नाही, असेही लिहून दिले. चिमाजी अप्पांनी 1739 मध्ये तोफा लावून जिंकलेल्या वसईत 63 वर्षांनी राज्य गहाण पडले, ते कलमांनी.

म्हणून मला सहीआधीच्या वकिलाचे महत्त्व वाटते. कोर्टातला युक्तिवाद सगळ्यांना दिसतो. मसुद्यातले कलम खटकले म्हणून फाइलवर लिहिलेली टिपणी कुणाला दिसत नाही. संविधानाच्या अनुच्छेद 76 मध्ये अ‍ॅटर्नी जनरलचे सरकारला सल्ला देण्याचे कर्तव्य आधी येते, न्यायालयांत म्हणणे मांडण्याचा हक्क त्यानंतर. हा क्रम आपण विसरू नये.

दिवाणी प्रक्रिया संहितेचे कलम 80 घ्या. सरकारवर दावा लावण्यापूर्वी नागरिकाने दोन महिन्यांची नोटीस द्यायची. हेतू हा की, चूक असेल तर सरकारने तेवढ्यात दुरुस्त करावी. प्रत्यक्षात ती नोटीस टेबलांवरून फिरत राहते. 2005 मध्ये सेलम वकील संघटनेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने या अनास्थेवर बोट ठेवले आणि उत्तरासाठी अधिकारी नेमायला सांगितले. ‘साहेब, यात आपलीच चूक आहे’ असे लिहिण्याचे धाडस वकिलाने त्या दोन महिन्यांत दाखवले, तर एखाद्या कुटुंबाची कोर्टाची वर्षानुवर्षांची पायपीट वाचते. आणि सरकारची अब्रूही.

दुपारी पंगतीत आमची सुकेळी चाखा. संध्याकाळी किल्ला पाहायला जाऊ. तिथल्या तटाखाली उभे राहाल, तेव्हा एवढेच आठवा: तहाच्या दिवशी वसईवर कुणीही हल्ला केला नव्हता.