वर्गातील झेरॉक्स आणि लेखकाचा हक्क
(अक्कलकोट रोड एमआयडीसी परिसरातील शिक्षक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



चादर आणि टॉवेल विणणाऱ्या या वसाहतीत नक्कल म्हणजे काय, हे समजावून सांगावे लागत नाही. भलतीकडे विणलेला माल 'सोलापुरी' म्हणून विकला गेला की कोणाच्या पोटावर पाय येतो, हे आपण जाणतो. म्हणून तर सोलापुरी चादरीला भौगोलिक मानांकन घ्यावे लागले. पुस्तकांसाठीचा कॉपीराइटचा कायदा वेगळा आहे. पण ज्याचे श्रम त्याला मोल मिळावे, हे तत्त्व तेथेही आहे.

मात्र लेखकाला न्याय देताना कामगाराच्या मुलाने पुस्तकाविना राहावे, असे कायद्याला अभिप्रेत नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यातील कलम ५२ प्रमाणे, शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखाद्या लेखनाची प्रत काढली, तर तो हक्कभंग ठरत नाही. प्रश्नपत्रिकेत उतारा घालणे आणि उत्तरपत्रिकेत तो लिहिणे, हेही त्यातच येते.

या कलमाची कसोटी दिल्लीत लागली. २०१२ साली ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दिल्ली विद्यापीठ व तेथील रामेश्वरी फोटोकॉपी या दुकानाविरुद्ध दावा लावला. अभ्यासक्रमातील निरनिराळ्या पुस्तकांची प्रकरणे झेरॉक्स करून त्यांचे संच विद्यार्थ्यांना दिले जात होते, ही त्यांची तक्रार. १६ सप्टेंबर २०१६ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने दावा फेटाळला. अपिलात ९ डिसेंबर २०१६ रोजी खंडपीठाने कसोटी सांगितली ती अशी की, शिकवण्यासाठी जेवढे आवश्यक तेवढे घेता येते. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावा मागे घेतला.

म्हणजे वर्गात शिक्षकाला आपण समजतो त्यापेक्षा अधिक मोकळीक आहे. पण ती अध्यापनापुरती आहे. धड्यासाठी एका प्रकरणाच्या प्रती वाटणे वेगळे, आणि तेच पुस्तक छापून विकणे किंवा अख्खी पीडीएफ शेकडो लोकांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात सोडून देणे वेगळे. लेखकाचे व पुस्तकाचे नाव तर प्रत्येक प्रतीवर लिहिलेच पाहिजे.

आता आपल्या अभ्यासवर्गात लागणाऱ्या ग्रंथांकडे वळू. भारतात लेखकाच्या निधनानंतर, पुढील वर्षापासून मोजून, साठ वर्षे हक्क राहतो. नंतर ते लेखन सर्वांचे होते. महात्मा फुले यांचे निधन १८९० सालचे, धर्मानंद कोसंबी यांचे १९४७ सालचे. कोसंबींचे 'भगवान बुद्ध' आज कोणालाही छापता येते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे महापरिनिर्वाण १९५६ सालचे; म्हणून त्यांनी हयातीत, १९३६ साली छापलेले 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट' १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले.

परंतु निधनानंतर प्रथम छापलेल्या लेखनाची मुदत प्रकाशनापासून मोजतात. 'द बुद्धा अँड हिज धम्म' १९५७ साली निघाले, ते २०१८ च्या आरंभी मुक्त झाले. महाराष्ट्र शासनाने १९८७ साली प्रथम छापलेल्या 'रिडल्स इन हिंदुइझम'ची मुदत मात्र २०४७ अखेर संपते. अनुवादाचा हक्कही वेगळा असतो. मूळ ग्रंथ मुक्त झाला, तरी १९८८ साली निवर्तलेल्या भदंत आनंद कौसल्यायन यांच्या हिंदी अनुवादाची मुदत अजून संपलेली नाही. अण्णाभाऊ साठे यांच्या हयातीत छापलेल्या साहित्याची मुदत २०२९ अखेरपर्यंत, तर वामनदादा कर्डक यांच्या अशा गीतांची २०६४ अखेरपर्यंत आहे. ही गीते वर्गात शिकवावीत. पण गीतसंग्रह छापून विकायचा, तर हक्कधारकांची लेखी परवानगी घ्यावी. ज्यांनी आपल्याला शब्द दिले, त्यांच्या वारसांना डावलणे आपल्याला शोभत नाही.

यापुढचे पाऊल असे की, आपले साहित्य आपण तयार करावे. याच जिल्ह्यातील माढा तालुक्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांनी पुस्तकांना क्यूआर कोड जोडून धडे मुलांपर्यंत पोहोचवले आणि २०२० साली त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. साधनांवाचून अडून न बसता काय करता येते, हे त्यांनी दाखवले.

असे साहित्य इतरांना खुले करण्याचीही रीत आहे. लिहिताक्षणी त्यावर आपोआप हक्क बसतो. त्यामुळे नुसते 'कोणीही वापरा' असे तोंडी सांगून भागत नाही. परवाना लिहावा लागतो. २००१ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या क्रिएटिव्ह कॉमन्स या संस्थेने असे तयार परवाने केले आहेत. लेखकाचे नाव द्यावे, ही एक अट. बदल केलेली प्रतही त्याच अटींवर खुली ठेवावी, ही दुसरी. व्यापारासाठी वापर नको, ही तिसरी. यांतून हव्या त्या अटी निवडता येतात. केंद्र सरकारने २०१३ साली खुल्या शैक्षणिक साहित्याचे राष्ट्रीय भांडार सुरू केले, तेही याच मार्गाने. एक सावधगिरी मात्र बाळगावी. नोकरीच्या कामाचा भाग म्हणून लिहिलेल्या टिपणांचा हक्क, वेगळा करार नसेल तर, संस्थेकडे जातो. म्हणून तिची संमती आधी घ्यावी.

आमची शिक्षकांना विनंती आहे की, प्रत्येकाने या वर्षी एका तरी धड्याची स्वतःची टिपणे तयार करावीत आणि त्यांच्या पहिल्या पानावर परवाना स्पष्ट लिहावा. विद्यार्थ्यांनी झेरॉक्सच्या कोपऱ्यात लेखकाचे नाव लिहिण्याची सवय लावून घ्यावी. आपण ग्रंथांनी घडलेली माणसे आहोत. ग्रंथ लिहिणाऱ्याचा मान राखणे आणि ज्ञान अडवून न ठेवणे, ही दोन्ही कामे आपलीच आहेत.