घरांतील राउटरची निवड

चिमूरच्या बाजारपेठेंत एखादा गृहस्थ दुकानांत शिरतो आणि “भाऊ, एक चांगला राउटर द्या,” असें सांगतो, तेव्हां तो वैद्याकडे जाऊन “एक चांगलें औषध द्या” म्हणणाऱ्या रोग्याप्रमाणें वागत असतो. दुखणें कोणतें, हें त्यानें सांगितलेलें नसतें आणि दुकानदारानें विचारलेलें नसतें. मग ज्या डब्याला अधिक शिंगें, म्हणजे अँटेना, तो अधिक गुणकारी, असें उभयतांचें एकमत होतें आणि डबा घरीं येतो. चार दिवसांनीं मागल्या खोलींतील तक्रार मात्र जशीच्या तशी असते.

ही तक्रार हसण्यावारी नेण्याजोगी राहिलेली नाहीं. ताडोबाच्या जंगलाला लागून असलेल्या या तालुक्यापासून नागपूर आणि चंद्रपूर हीं दोन्ही शहरें दूर. मुलीच्या महाविद्यालयीन प्रवेशाचा अर्ज, शेताचा सातबारा, दुकानाच्या हिशेबाचा भरणा हीं सारीं कामें आतां घरांत आलेल्या एका बारीक तारेवरून होतात. २०१९ सालीं सुरू झालेल्या ई-संजीवनी या सरकारी सेवेंतून तर डॉक्टरहि पडद्यावर भेटूं लागले. अर्जाच्या शेवटल्या दिवशीं, रात्रीं अकरा वाजतां, कागद चढवितांना संबंध तुटला तर मुलीचें एक वर्ष वायां जाण्याची पाळी येते. म्हणून औषधापूर्वीं निदान झालें पाहिजे.

निदानाची रीत सोपी आहे. फायबरची जोडणी म्हणजे केसासारखी बारीक कांचेची तार. तींतून प्रकाशाचे संदेश येतात. घरांत ती ज्या डब्यांत शिरते त्याला ओएनटी असें नांव आहे. लोक त्याला सरसकट मोडेम म्हणतात. प्रकाशाचें विजेच्या संदेशांत रूपांतर करणें हें त्याचें काम. राउटर हा त्याच्या पुढला. कोणता संदेश कोणत्या फोनकडे जावयाचा, याची वाट तो दाखवितो. पुष्कळ ठिकाणीं हे दोन्ही गडी एकाच डब्यांत नांदतात, आणि तो डबा जोडणीबरोबरच मिळालेला असतो. ओएनटीवर ‘एलओएस’ या अक्षरांजवळ लाल दिवा लागला असेल तर प्रकाशच घरापर्यंत पोंचलेला नाहीं. कोठें झाड पडलें असेल, कोठें रस्ता खणला असेल. अशा वेळीं नवा राउटर घेणें म्हणजे विहीर आटली असतां नवी बादली आणणें होय. लाल दिवा नसेल तर एखादा लॅपटॉप जाड तारेनें थेट डब्याला जोडून वेग मोजावा. तारेवर वेग पुरा मिळतो आणि हवेंतून मिळत नाहीं, असें दिसलें तरच दोष वाय-फायकडे येतो आणि राउटरचा विचार सुरू होतो.

आतां खोक्यावरील आंकडे. राउटर हा घरांतील कोठी सांभाळणाऱ्या गृहिणीसारखा आहे. आलेल्या धान्याची वांटणी तो नेटकी करील, परंतु पोत्यांत नाहीं तें धान्य तो कोठून आणणार? ४० मेगाबिटांची जोडणी असलेल्या घरांत १२०० चा आंकडा छापलेला राउटर ठेवला तरी बाहेरून येणार ते ४० च. शिवाय हा १२०० चा आंकडा म्हणजे दोन निरनिराळ्या पट्ट्यांची, ३०० आणि ८६७ यांची, बेरीज करून वर थोडी सढळ हातानें केलेली पूर्णता होय. एका फोनला ही बेरीज सहसा मिळत नाहीं. आणि तिचे दोन भागहि प्रयोगशाळेतील आहेत, माजघरांतील नव्हेत.

याच्या उलट एक आंकडा लहान अक्षरांत असतो व तो कोणी वाचीत नाहीं. राउटरच्या पाठीमागें तार खोवण्याचीं छिद्रें असतात. तीं १०० मेगाबिटांचीं आहेत कीं १००० मेगाबिटांचीं, हें पाहणें अगत्याचें. पुष्कळ स्वस्त राउटरांवर १२०० चा मोठा आंकडा असून छिद्रें मात्र १०० चींच असतात. २०० मेगाबिटांची जोडणी घेणारा गृहस्थ अशा राउटरपायीं दरमहा निम्मे पैसे वायां दवडतो आणि त्याचा त्याला पत्ताहि लागत नाहीं. ज्याची जोडणी ४० किंवा ५० चीच आहे, त्यानें मात्र या छिद्रांपायीं अधिक पैसे मोजण्याचें कारण नाहीं.

राहिला प्रश्न भिंतींचा, आणि खरें पाहतां राउटरची निम्मी निवड भिंतीच करतात. १८९५ च्या सुमारास कलकत्त्यास जगदीशचंद्र बोस यांनीं अदृश्य विद्युल्लहरी भिंतीपलीकडे पाठवून तेथील घंटा वाजविली, तेव्हां पाहणारे थक्क झाले. वाय-फायच्या लहरी त्याच कुळांतल्या. त्यांचे दोन पट्टे नेहमींच्या वापरांत आहेत. २.४ गिगाहर्ट्झचा पट्टा संथ, पण भिंत ओलांडण्यांत चिवट. त्यांत शेजाऱ्यापाजाऱ्यांची गर्दीहि फार. ५ गिगाहर्ट्झचा पट्टा चपळ व मोकळा, परंतु जाड भिंतीपुढें तो लौकर दमतो. भारतांत २०१८ सालीं या दुसऱ्या पट्ट्याचा मोठा भाग परवान्यावांचून वापरण्यास खुला झाला. ज्या राउटरांत हे दोन्ही पट्टे आहेत तोच घ्यावा. केवळ पहिल्या पट्ट्याचा स्वस्त डबा आज घेणें ही काटकसर नव्हे.

कवेलूंच्या जुन्या घराची रुंद मातीची भिंत आणि नव्या स्लॅबच्या घरांतील लोखंडी सळया, दोन्ही या लहरींना सारख्याच जाचक. पण विदर्भांतील घरांत त्यांचा एक खास वैरी आहे, आणि परदेशांत छापलेल्या माहितीपत्रकांत त्याचें नांव सांपडत नाहीं. तो म्हणजे कूलर! पत्र्याची पेटी, आंत पाणी आणि तीन बाजूंना ओल्या गवताच्या ताट्या. पत्रा लहरींना परतवितो, पाणी त्यांना गिळतें. मार्चमध्यें उत्तम चाललेला राउटर एप्रिलांत ‘बिघडतो’, याचें कारण पुष्कळदां एवढेंच असतें कीं मधल्या खिडकींत कूलर बसला. लोखंडी कपाटाची गोष्ट तीच. राउटर घराच्या मध्यावर, उघड्यावर, माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर असावा. टिनाच्या पत्र्याखालीं तो कधींच टांगूं नये. घरगुती राउटर बहुधा ४० अंशांपर्यंतच्या हवेसाठीं बनविलेले असतात, आणि चंद्रपूर जिल्ह्यांत मे महिन्यांत पारा ४५ च्या वर जाणें नवलाचें नाहीं.

घर लांबट असेल, पुढें दुकान व मागें बिऱ्हाड अशी मांडणी असेल, तर एक राउटर पुरत नाहीं. तेव्हां ‘रिपीटर’ घेण्याचा मोह होतो. तो स्वस्त खरा; परंतु साधा रिपीटर ज्या पट्ट्यावर ऐकतो त्याच पट्ट्यावर बोलतो, म्हणून वेग जवळजवळ निम्मा होतो. त्यापेक्षां मागल्या खोलीपर्यंत तार ओढून तिच्या टोकाला दुसरा साधा राउटर बसवावा. काम एकदांच करावें लागतें आणि पुढें वर्षानुवर्षें टिकतें.

भाडेकरू असलेल्या घरांत, किंवा कोलाऱ्यासारख्या जंगलाच्या दारावरील गांवीं पाहुण्यांना खोल्या देणाऱ्यांनीं, पाहुण्यांसाठीं निराळें जाळें काढतां येतें असा राउटर पाहावा. घरच्या जाळ्याचा परवलीचा शब्द वाटसरूस देऊं नये. जोडणी ज्याच्या नांवें, जाब त्याला विचारला जातो. कारखान्यांतून आलेला मूळ परवलीचा शब्दहि पहिल्याच दिवशीं बदलावा. २०१६ सालीं ‘मिराई’ नांवाच्या घातकी प्रोग्रामनें असे न बदललेले शब्द वापरून जगभरचीं लक्षावधि घरगुती उपकरणें ताब्यांत घेतलीं होतीं.

आतां वीज. ती गेली कीं राउटर आणि ओएनटी दोन्ही मरतात, म्हणून बॅटरीचा लहान संच घेतांना तो दोघांनाहि पुरेल असा घ्यावा. त्यावर ८८०० मिलिअँपिअर-तास असें लिहिलेलें असतें. वाचणारा तें १२ व्होल्टांचें समजतो आणि सात-आठ तासांची आशा धरतो. वस्तुतः तो आंकडा ३.७ व्होल्टांच्या घटाचा असतो. गुणाकार केला तर सुमारें ३२ वॅट-तास होतात, आणि दोन्ही डबे मिळून १२ ते १५ वॅट घेतात. म्हणजे दोन तास, फार तर थोडे अधिक. अर्ज भरण्यास तेवढे पुरतात. रात्रभर चित्रपट पाहण्यास पुरत नाहींत. संच व डबे यांचे व्होल्ट जुळतात कीं नाहीं, हें जोडण्यापूर्वीं वाचावें. ९ व्होल्टांच्या डब्याला १२ व्होल्टांची तार लावली तर तो जळूं शकतो.

पावसाळ्यांत वीज कडाडूं लागली कीं दोन्ही डब्यांचे प्लग भिंतींतून काढून ठेवावे. कांचेच्या तारेंतून वीज येत नाहीं हें खरें, पण ती तार पेलणारी पोलादी दोरी पुष्कळदां तिच्या सोबत असते. ती घराबाहेरच तोडून खुंटीला बांधली आहे ना, हें जोडणी करणाऱ्या माणसास त्याच दिवशीं विचारून घ्यावें.